कोठ्याचा दिवा का ऐकत नाही: नोंदवही, मार्च ते जुलै

9 मार्च

काम छोटं आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पायऱ्या कमी करा म्हणून सांगितलं. पण रात्री ढोर हंबरलं की बाबा उठतातच. ओसरीच्या चार पायऱ्या, मग 60 मीटर अंधारात कोठ्यापर्यंत (गुरांच्या गोठ्यापर्यंत), आणि दिव्याचं बटन कोठ्याच्या आत कुटाराच्या खोलीशेजारी. पोचल्यावर उजेड होणार, तर वाटेत त्याचा उपयोग काय? ओसरीतल्या खाटेवरून कोठ्याचा दिवा लागला पाहिजे, बस.

वायफायचा विचार पहिल्याच दिवशी बाद झाला. वरुड तालुक्यातलं आमचं घर जुनं. मातीच्या दोन फुटी भिंती, वर टिन. राउटर माजघरात ठेवला तर ओसरीत एक काडी येते, कोठ्यात काहीच नाही. नवी वायर पुरायची तर अंगणातून ट्रॅक्टर जातो. वीज मात्र आधीच कोठ्यात पोचलेली आहे.

भाऊजी इंग्लंडहून परतले तेव्हा एक खोकं आणलं होतं, ते दोन वर्षं माळ्यावर पडून होतं. त्यात एक्स-10 चे चार मॉड्यूल (हुकूम आला की दिवा लावणाऱ्या-विझवणाऱ्या डब्या), एक बटनांचा कंट्रोलर आणि संगणकाला जोडायचा एक इंटरफेस. विजेच्या तारेतूनच हुकूम पाठवायची ही पद्धत स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने 1975 च्या सुमारास काढली. म्हणजे माझ्याइतकीच म्हातारी. इंग्लंडची वीजही 50 हर्ट्झची आणि व्होल्टेजही आपल्यासारखं, म्हणून हे मॉड्यूल इथे चालतात. अमेरिकेतले असते तर उपयोग नव्हता.

10 मार्च

बसवलं. तीन चौकोनी पिनांचे प्लग आपल्या सॉकेटात जात नाहीत. अडॅप्टर लावले तर ढिले बसतात आणि ढिलं कनेक्शन म्हणजे ठिणगी, म्हणून मॉड्यूलला सरळ वायर जोडून घेतली. कोठ्यात 9 वॅटचा एलईडी बल्ब. रात्री साडेदहाला बटन दाबलं, दिवा लागला. बाबा म्हणाले, "आता मले उठाचं कामच नाही राह्यलं." दोन मिनिटांनी उठून कोठ्यात जाऊन आले, खरंच लागला का पाहायला.

11 मार्च

सकाळी आईची तक्रार: दिवा बंद केला तरी बल्ब मिणमिणतो, कोठ्यात काहीतरी आहे. भूत नाही. या मॉड्यूलमध्ये एक सोय असते: जोडलेल्या दिव्याचं स्वतःचं बटन कोणी दाबलं तर मॉड्यूलला कळावं म्हणून बंद असतानाही ते दिव्यातून बारीकसा करंट सोडत राहतं. तारेच्या जुन्या बल्बला तो कळतसुद्धा नाही. एलईडीला तेवढाही पुरतो. बल्बच्या जोडीला 15 वॅटचा पिवळा बल्ब समांतर लावला, मिणमिण थांबली.

14 मार्च

संध्याकाळी दिवा ऐकत नाही. रात्री उशिरा ऐकतो, पहाटे ऐकतो, दुपारी ऐकतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तीन-चार वेळा बटन दाबलं तर एखाद वेळ वाया जाते. आणि नेमकी तेव्हाच दिव्याची गरज असते.

15 मार्च

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असं आयटीआयमध्ये पोरांना पंधरा वर्षं सांगतोय. म्हणून आज मोजायची सोय केली. ओसरीत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, त्याला इंटरफेस, त्यावर हेयू नावाचं मोफत सॉफ्टवेअर. दर मिनिटाला एक हुकूम: एकदा चालू, एकदा बंद. कोठ्यात दुसऱ्या मॉड्यूलला मोबाइलचा चार्जर लावला, त्याला पुतण्याचा जुना फोन. चार्जिंग सुरू-बंद झाल्याची वेळ फोन स्वतः लिहून ठेवतो. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो.

16 मार्च

आकडे विचित्र. रात्रभरात "चालू" जवळजवळ सगळे पोचले. "बंद" मधले कितीतरी पोचलेच नाहीत. भर दुपारीसुद्धा. म्हणजे माझी यंत्रणा कालपेक्षा जास्त बिघडली.

दिवसभर डोकं खाजवलं. संध्याकाळी उलगडलं तेव्हा हसू आलं. चार्जर बंद असताना रिलेच्या (मॉड्यूलमधल्या आपोआप चालणाऱ्या बटनाच्या) पलीकडे असतो, तारेला दिसत नाही, म्हणून "चालू" व्यवस्थित ऐकू येतं. चालू झाला की तो मॉड्यूलच्या कानाजवळ बसून सिग्नल पिऊन टाकतो. मग "बंद" ऐकायला उरतं काय? चालू होतं पण बंद होत नाही, हे लक्षण दिसलं की आधी मॉड्यूललाच काय लावलंय ते पाहायचं. इथे मोजायचं यंत्रच रोगी निघालं.

चार्जर काढला. आता मॉड्यूलला नुसता 15 वॅटचा पिवळा बल्ब, तो खोक्यात बंद, आणि खोक्यात फोन स्वतःच्या बॅटरीवर. त्याचा उजेड मोजणारा सेन्सर नोंद करतो. पिवळा बल्ब म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात.

18 मार्च

पुतण्याला समजावून सांगण्यासाठी लिहिलं, इथेही राहू दे.

विजेच्या तारेत व्होल्टेज सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातं. त्या शून्याच्या क्षणी तार सगळ्यात शांत असते. एक्स-10 तेवढ्याच क्षणी 120 किलोहर्ट्झची 1 मिलिसेकंदाची शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजली आणि पुढच्या शून्याला नाही वाजली तर तो 1. आधी शांत आणि मग शिट्टी, तर 0. सुरुवातीची खूण म्हणून शिट्टी-शिट्टी-शिट्टी-शांत. मग घराचं अक्षर (ए ते पी, सोळा), मग मॉड्यूलचा नंबर (सोळा), असे एकूण 256 पत्ते. पूर्ण निरोप 11 सायकलींचा, तो लागोपाठ दोनदा. मग 3 सायकली थांबून "चालू" किंवा "बंद" हा हुकूम, तोही 11 सायकलींचा, तोही दोनदा. बेरीज 47 सायकली. आपल्या 50 हर्ट्झला 0.94 सेकंद. बटन दाबल्यावर दिवा जरा विचार करून लागतो, तो यामुळे.

प्रत्येक गोष्ट दोनदा पाठवतात ही बाब पुढे कामी येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

22 मार्च

संध्याकाळ 7 ते 10 मध्ये अंदाजे चारातला एक हुकूम हरवतो. बाकी वेळ शंभरात दोन-तीन. गावात सगळ्यांचं एकच मत: "होल्टेज कमी होते ना संध्याकाळी." मीटरवर पाहिलं, सातला 196, दहाला 214. पण पहाटे पाचला, लोक पाणी तापवायला लागतात तेव्हाही 198 होतं आणि एकही हुकूम हरवला नव्हता. होल्टेजला सोडून दिलं.

25 मार्च

ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरलो. मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूर, 585 किलोहर्ट्झ, तिथून थोडं बाजूला, जिथे कोणी बोलत नाही तिथे काटा ठेवायचा आणि वायरिंगजवळ कान लावायचा. रेडिओ 120 किलोहर्ट्झ ऐकत नाही, तो गोंगाटाच्या वरच्या पट्ट्या ऐकतो, म्हणून रेडिओने दोषी ठरवलेला प्रत्येक जण दोषी असेलच असं नाही. पण घर किती बोलतं हे कळतं. बेडरूममधल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर भुंग्यासारखा गुणगुणतो. इन्व्हर्टरचा चार्जर घोगरा. फ्रिज बिचारा गप्प.

रेग्युलेटरवर माझा पक्का संशय होता. पण तो लाटेच्या मध्येच कुठेतरी वीज कापतो, आणि एक्स-10 ऐकतो फक्त शून्याजवळ. 2 नंबरवर पंखा ठेवला की गोंगाट मोठा, पण एकही हुकूम हरवला नाही. सगळ्यात वरच्या नंबरवर, जिथे कापणी शून्याजवळ सरकते, तिथे एक-दोन गेले. म्हणजे रेडिओला सगळ्यात मोठा वाटणारा चोर इथे जवळजवळ निर्दोष. हे पोरांना वर्गात दाखवण्यासारखं आहे.

29 मार्च

आज एकेक एमसीबी पाडून पाहिली. संध्याकाळी सव्वासातला टीव्हीचा बोर्ड बंद केला, वीस हुकूम पाठवले, वीसही पोचले. सापडला! आईची मालिका बुडाली, पण चोर सापडला.

टीव्हीच्या बोर्डावर तीन वस्तू: टीव्ही, सेट टॉप बॉक्स, आणि पुतण्याच्या संगणकाचा सप्लाय. प्लग काढून, अर्धा तास थांबून, उघडून पाहिलं. प्रत्येकाच्या दाराशी फेज आणि न्यूट्रलमध्ये पिवळा एक्स-कॅपॅसिटर: 0.47, 0.1 आणि पुन्हा 0.47 मायक्रोफॅराड. त्यांचं काम आतला गोंगाट बाहेर जाऊ न देणं. ते इमानदारीने काम करतात, फक्त माझी शिट्टीही त्यांना गोंगाटच वाटते. 0.47 चा कॅपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 6,800 ओहम, म्हणजे नसल्यातच जमा. 120 किलोहर्ट्झला तोच 2.8 ओहम. तिन्ही मिळून 1.3 ओहम, आणि तेही माझ्या इंटरफेसच्या शेजारच्या सॉकेटात. पाठवणारा ओरडतो आणि शेजारचाच आवाज गिळतो.

म्हणजे हा गोंगाट नाहीच. ही गळती. दोन्हीचं लक्षण एक, औषध उलटं.

2 एप्रिल

आधी चूक केली ती लिहितो. मेलेल्या सप्लायमधला फिल्टर-चोक (गोंगाट अडवायची तारेची गुंडाळी) काढून टीव्हीच्या वायरीत घातला. काही फरक नाही. तो चोक दोन्ही तारांतून एकाच दिशेने येणारा गोंगाट अडवतो, जाणाऱ्या-येणाऱ्या करंटला मात्र सरळ वाट देतो, कारण त्याची दोन वेटोळी एकमेकांना खोडतात. माझी शिट्टी एका तारेने जाते, दुसरीने येते.

मग त्याच सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी घेतली, जुनी तार सोडवली, 1 मिमीच्या तांब्याच्या तारेचे 33 वेढे घातले. मीटरवर सुमारे 100 मायक्रोहेन्री, म्हणजे 120 किलोहर्ट्झला 75 ओहम. फेजमध्ये एक, न्यूट्रलमध्ये एक, फ्यूज घालून प्लास्टिकच्या डब्यात. वेढे कमी घालून भागेल असं वाटतं, पण तिथे खड्डा आहे: 2 मायक्रोहेन्री आणि 1 मायक्रोफॅराड यांचा मेळ 112 किलोहर्ट्झला बसतो, म्हणजे शिट्टीच्या दारातच, आणि गळती वाढते. तीन-चार मीटरच्या एक्स्टेंशनच्या वायरीत एवढं इंडक्टन्स आपोआप असतं. टीव्ही लांब एक्स्टेंशनवर हलवला तर बरं होईल हा भाऊजींचा सल्ला म्हणून मानला नाही.

डबा तयार आहे, पण बसवला नाही. त्याच दिवशी काकांच्या पोरीचं साक्षगंध निघालं.

12 एप्रिल

कुलर सुरू झाले. दुपारी 42. घरात तीन कुलर, सगळ्यांचा संशय त्यांच्यावर. मोजलं. कुलर निर्दोष. फक्त एकाच्या पंपाचं बटन ओलसर होऊन आत चरचरत होतं, ते बदललं. ते तसंही बदलायलाच हवं होतं, हात लावला तर झिणझिण्या येत होत्या. कुलरच्या अंगाला अर्थिंग नव्हती. ती आज दिली.

19 एप्रिल

रात्री सव्वादहाला कोठ्याचा दिवा आपोआप लागला. तीन दिवसांत दुसऱ्यांदा. गोंगाटातून अचूक निरोप तयार होणं जवळजवळ अशक्य, कारण प्रत्येक बिट उलटासुलटा दोनदा यावा लागतो. पायच्या नोंदीतही तारेवर काही हुकूम आला नव्हता.

दोन्ही वेळा शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी होती आणि लाईन नुकतीच आली होती. वावरावावरात पंपाला ऑटो लावलेले असतात. लाईन आली की सगळे पंप एकदम उठतात, आणि सबस्टेशन एकच असल्यामुळे गावठाणच्या लाईनीलाही क्षणभर गचका बसतो. तो गचका मॉड्यूलच्या त्या "स्वतःचं बटन ओळखण्याच्या" सोयीला बटनासारखा वाटतो. इंटरनेटवर अनेकांनी लिहिलंय की मॉड्यूलमधला एक जंपर तोडला की ती सोय बंद होते. तोडला. त्याबरोबर मिणमिणही कायमची गेली, 15 वॅटचा जोडीदार बल्ब काढून घेतला.

4 मे

तीन दिवस वाया गेले. कारण लिहिताना लाज वाटते.

1 तारखेला डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) तीन फेजपैकी आर फेजचा फ्यूज गेला. आमच्याकडे पूर्वी पिठाची चक्की होती, अजूनही आहे, म्हणून मीटर थ्री-फेजचं. घरासाठी फेज बदलायचं स्विच आहे: एक फेज गेली की फिरवून दुसरी घ्यायची. बाबांनी वाय फेज घेतली. दुसऱ्या दिवशी लाईनमन येऊन फ्यूज घालून गेला, सगळं सुरळीत. पण त्यानंतर कोठ्याचा दिवा ऐकेना. सरसकट नाही. सकाळी ऐकायचा, संध्याकाळी थोडा वेळ ऐकायचा, मध्ये बहिरा.

मी चोक, फ्यूज, मॉड्यूल, सगळं उघडून बसलो. आई पीठ चाळता चाळता म्हणाली, "चक्की चालू असली का तुहा दिवा ऐकते. बंद केली का नाही ऐकत."

हे वाक्य ऐकल्यावर पाच मिनिटं काही केलं नाही. कोठ्याची वायर स्विचच्या आधीच, कायमची आर फेजवर आहे. घर वायवर. शिट्टी वायवर वाजते, कोठा आरवर कान लावून बसलाय. एका फेजवरून दुसऱ्यावर जायला शिट्टीला डीपीपर्यंत जाऊन यावं लागतं आणि वाटेत ती मरते. चक्कीच्या मोटरला मात्र थ्री-फेजचा कॅपॅसिटर लावलेला आहे. चक्की चालू झाली की तो तिन्ही फेजमध्ये पूल टाकतो. आणि डेल्टात जोडलेला असल्यामुळे न्यूट्रलला हात लावत नाही, म्हणजे गिळत काही नाही, नुसता पूल. चक्की दळताना हुकूम जायचे, ते यामुळे.

(एक्स-10 चे पाठवणारे एकच शिट्टी तीनदा वाजवतात, 50 हर्ट्झला 3.33 मिलिसेकंदांच्या अंतराने, ती याच्याचसाठी: बाकी दोन फेजच्या शून्यांनाही ती सापडावी. शोधणाऱ्यांनी थ्री-फेजचा विचार केला होता. मी केला नव्हता.)

फेजमध्ये छोटा कॅपॅसिटर टाकून कायमचा पूल करता येतो. भाऊजी म्हणाले घरात पडलेला 275 व्होल्टचा एक्स-2 टाक. नाही. दोन फेजमध्ये 400 च्या वर व्होल्ट असतात, तिथे 275 चा कॅपॅसिटर म्हणजे फटाका. सोपं केलं: कोठ्याची वायर त्या स्विचच्या पुढे घेतली. आता घर ज्या फेजवर, कोठा त्याच फेजवर.

11 मे

चोकचा डबा अजून बसवलेला नाही. आज त्याचं कारण वेगळं आहे.

रात्री आठला काकांनी झटका मशीन बंद केलं, कारण भुईमुगाच्या वावरात पाणी द्यायला जायचं होतं. मी नेमका तेव्हा कोठ्यात होतो. टीव्ही चालू, मालिका जोरात. दहा हुकूम पाठवले, नऊ पोचले. एखादा तर दुपारीही जातो.

काकांचं वावर कोठ्याच्या मागेच. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यासाठी धुऱ्यावरून (बांधावरून) तार, तिला झटका मशीन. मशीन कोठ्यातच भिंतीवर, खाली 12 व्होल्टची बॅटरी, बॅटरीला चार्जर, चार्जर आमच्या सॉकेटात. काका मशीन लावतात दिवेलागणीला, काढतात उशिरा रात्री राखण्या माणूस मचाणावर गेला की. सात ते दहा! ट्रान्झिस्टर तिथे नेला: टक... टक... टक. मिनिटाला 50. म्हणजे चोर टीव्ही नाही, झटका.

काकांना सांगितलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मी डुकरांचा वकील आहे. "तुह्या दिव्यासाठी मी भुईमूग डुकराले देऊ काय बे?"

13 मे

मी 29 मार्चला टीव्हीला चोर ठरवलं, कारण तो बंद केल्यावर त्रास गेला. 11 मे ला झटक्याला चोर ठरवलं, कारण तो बंद केल्यावर त्रास गेला. दोन्ही वेळा दुसरा चोर चालूच होता आणि तरी त्रास नव्हता. मग खोटं कोण बोलतंय? आणि दहा-वीस हुकमांवर निकाल देणारा मी कोण? पोरांनी असा प्रयोग लिहून आणला असता तर वही परत दिली असती.

18 मे

चार रात्री, रोज एक जोडी, प्रत्येकी 60 हुकूम, वेळ तीच, फेज तीच. काकांना विनंती करून दोन रात्री मशीन बंद ठेवलं आणि त्या दोन रात्री मी आणि पुतण्या टॉर्च घेऊन धुऱ्यावर. हरवलेले हुकूम:

टीव्हीचा बोर्ड बंद, झटका बंद: 0
टीव्हीचा बोर्ड चालू, झटका बंद: 6
टीव्हीचा बोर्ड बंद, झटका चालू: 1
दोन्ही चालू: 15

सहा आणि एक मिळून सात व्हायला हवे होते. झाले पंधरा.

आणि आता 18 मार्चची ती ओळ. पत्ता दोनदा जातो, हुकूम दोनदा जातो, दोन्हीतली एकेक प्रत पोचली तरी काम होतं. टीव्हीची गळती शिट्टी इतकी बारीक करते की साधारण पाचातली एक प्रत ऐकू येत नाही. पण जोडीची दुसरी बहुतेक वेळा पोचते, म्हणून एकूण नुकसान दहातलं एकच. झटक्याचा ठोका दर 1.2 सेकंदाला आणि माझा निरोप 0.94 सेकंदाचा, म्हणजे पाचातल्या जवळजवळ चार निरोपांत एक ठोका पडणारच. पण एक ठोका एकच प्रत मारतो, आणि शिट्टी मोठी असेल तर दुसरी प्रत शाबूत. झटका एकटा असला की म्हणून जवळजवळ काहीच बिघडत नाही. दोघं एकत्र आले की झटका जोडीतली एक प्रत हमखास मारतो आणि उरलेलीच्या जिवावर टीव्ही बसलेला असतो. कागदावर हिशोब केला तर साठातले चौदा येतात. मोजले पंधरा.

दोघांपैकी एकाला काढलं तरी त्रास जातो आणि ज्याला काढलं तोच चोर वाटतो. काकांकडे जाऊन हे सांगितलं. म्हणाले, "म्हणजे अर्धा तुहा टीव्ही, अर्धं माह्यं मशीन?" अर्धं-अर्धं सुद्धा नाही, पण तेवढ्यावर तोडगा निघत असेल तर माझी हरकत नव्हती.

23 मे

टीव्हीच्या बोर्डाला चोकचा डबा बसवला. झटका चालू ठेवून 60 हुकूम: 2 हरवले.

आता झटक्याकडून. मशीनची अर्थिंग कोठ्याच्या सॉकेटच्या अर्थ-पिनला जोडलेली होती. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत, जमिनीतून अर्थच्या सळईत परत येतो. ती परतीची वाट आमच्या घरच्या अर्थिंगमधून जात होती! शिट्टीपेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर, दिवा राहिला बाजूला. कुंपणाच्या मशीनच्या मानकात दोन ठोक्यांमध्ये किमान 1 सेकंद आणि एका ठोक्यात जास्तीत जास्त 5 ज्यूल असं बंधन आहे, म्हणून तो मारत नाही, पण घरातल्या फ्रिजच्या अंगावर तो यावा असं कोणाला वाटेल? काकांनी धुऱ्यापलीकडे, आमच्या अर्थिंगपासून लांब, स्वतंत्र सळई ठोकली. खड्ड्यात कोळसा-मीठ टाकलं. चार्जर काढून टाकला, बॅटरीला आता छोटी सोलर प्लेट. प्लेटचे पैसे अर्धे मी दिले.

25 मे

60 हुकूम, टीव्ही चालू, झटका चालू: 0. पुन्हा 60: 0. दुपारी 45, फोन गरम होऊन मध्येच बंद पडला, म्हणून तिसरी फेरी नाही.

2 जून

बाबा दिवा लावतात आणि तरीही कोठ्यात जातात. आता उजेडात जातात एवढंच.

21 जून

मृग लागून गेले तरी पाऊस आज आला. याचीच वाट पाहत होतो. धुऱ्यावर गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतातून जमिनीत गळतो, ठिणग्या उडतात, गोंगाट वाढतो. रात्री ट्रान्झिस्टर लावला: टक-टक ऐवजी चर्रर. तार आणि सर्व्हिस वायर सुमारे 40 मीटर शेजारून जातात, तेवढ्यातून चढतच असणार. 60 हुकूम: 3 हरवले. काकांना गवत काढायला सांगितलं. ते तसंही काढतातच, गवत टेकलं की झटका पातळ होतो आणि डुकराला ते आपल्याआधी कळतं.

24 जून

गवत काढलं. 60 पैकी 0.

भारनियमनात मात्र हे काही चालणार नाही, ते मान्य. वीज गेली की घर इन्व्हर्टरवर जातं, कोठा अंधारात, आणि चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर घरातल्या घरातही मॉड्यूल गोंधळतात. त्यासाठी कोठ्यात चार्जिंगची बॅटरी टांगली आहे, दोरी ओढली की लागते.

13 जुलै

दिवा पुन्हा ऐकेना. दिवसा, टीव्ही बंद, झटका बंद, फेज बरोबर. तासभर मोजलं, 60 पैकी 60 हरवले. एवढं साफ अपयश या पाच महिन्यांत आलं नव्हतं. कोठ्यातलं मॉड्यूल उघडलं. आत काळ्या मुंग्यांनी अंडी घातली होती, रिलेच्या पत्तीत चार-पाच चिरडलेल्या. ब्रशने झाडलं, पत्ती साफ केली, खोक्याच्या फटीला चिकटपट्टी लावली, वायरीभोवती हळदीची रेघ आईने ओढली. लागला.